माघ-फाल्गुनांतील परसबाग

रब्बीची सुगी जवळ आली म्हणजे शेतकऱ्याचें सर्व लक्ष खळ्याकडे लागतें. ज्वारी काढावयाची, हरभरा उपटावयाचा, गव्हाची राखण करावयाची, या गडबडींत घरामागच्या चार-दोन वाफ्यांकडे व विहिरीभोंवतालच्या पांच-दहा झाडांकडे पाहण्यास कोणास सवड नसते. परंतु बागेचें पंचांग खळ्यासाठीं थांबत नाहीं. याच दोन महिन्यांत आंबा मोहरतो, लिंबोणीस नवती फुटते, कडुनिंब जुनीं पानें टाकून तांबूस पालवी धरतो, आणि उन्हाळी वेलांचें बीं टाकण्याची वेळही हीच असते. या दिवसांत परसबागेकडे रोज सकाळीं तासभर लक्ष दिलें तर उन्हाळाभर घरांत भाजी व झाडांवर पान राहतें. न दिल्यास पुढें कितीही पाणी ओतलें तरी तें भरून येत नाहीं.

सदर लेखांत देशावरील, म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या मुलखांतील परसबाग डोळ्यांपुढें ठेविली आहे. कोंकणांतील हवा व माती निराळी असल्यामुळें तेथील वाचकांनीं यांत योग्य तो फरक करून घ्यावा.

थंड मुलखांतील वसंत व आपला वसंत यांत एक मोठा भेद आहे. तिकडे बर्फ वितळून जमीन ओलीनें भरलेली असते व त्या ओलीवर झाडें फुटतात. आपल्याकडे पालवी फुटते ती विहिरीचें पाणी दररोज खालीं जात असतां. एकीकडे झाडाची मागणी वाढते, दुसरीकडे पुरवठा आटतो. माघांतील थंड सकाळीं बाग इतकी टवटवीत दिसते कीं हा विरोध लक्षांतच येत नाहीं, आणि मनुष्य हौसेनें चार वाफे जास्त काढून बसतो.

म्हणून बियाण्याच्या पुड्या सोडण्यापूर्वीं पाण्याचा हिशेब करावा. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी उभें केलें तर तें बरोबर एक लिटर भरतें. गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. तेव्हां गुंठ्यास दर मिलिमीटरामागें शंभर लिटर, असें तोंडपाठ ठेवावें. जमीन झांकून टाकणाऱ्या भाजीपाल्यांतून माघांत दिवसाला सुमारें ४ मिलिमीटर पाणी हवेंत जातें. वैशाखांतील कोरड्या वाऱ्यांत तेंच ७ ते ८ मिलिमीटरांवर जातें. म्हणजे जो गुंठा आज ४०० लिटरांत भागतो, तोच वैशाखांत ७५० लिटर मागतो. पाटानें पाणी देतांना वाटेंत मुरून जातें तें निराळेंच. आतां आपली विहीर गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांत सकाळीं किती पाणी देत होती तें आठवावें. त्यांतून घरखर्च वजा करावा. गुरांचें पाणी वजा करावें, कारण दुभती म्हैस उन्हाळ्यांत दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी सहज पिते. जें उरेल त्यांतून प्रथम फळझाडांचा वांटा काढावा, आणि बाकी राहील तेवढ्याच पाण्याचे वाफे काढावे. मोटेच्या दिवसांत हा हिशेब बैलांच्या दमावरून आपोआप होत असे. पंपाची कळ दाबतांच पाणी येऊं लागल्यापासून विहिरीचा तळ दिसेपर्यंत तो कोणी करीत नाहीं.

प्रस्तुत लेखकानेंही तो केला नव्हता. सन २०१६ च्या उन्हाळ्यांत, ज्या वर्षीं एप्रिलमध्यें मिरजेहून लातुरास रेल्वेनें पाणी न्यावें लागलें, त्या वर्षीं माघांत आमच्या विहिरींत पाणी बरें होतें, म्हणून आम्ही तीन गुंठ्यांत भेंडी, गवार, दुधी व काकडी लावली. घरांतील वडील मंडळींनीं ‘‘एवढें कशाला?’’ असें विचारलें होतें. तें मनावर घेतलें नाहीं. चैत्र संपतां संपतां विहिरीचा झरा इतका मंदावला कीं सकाळीं अर्धा तास पंप चालला म्हणजे पुरे. येथपर्यंतची चूक अनेकांच्या हातून होते. खरी चूक पुढची. उभें पीक मोडवेना, म्हणून जें पाणी मिळेल तें सर्वांस सारखें वांटीत राहिलों. परिणाम असा झाला कीं दुधीचीं फुलें गळालीं, भेंडी निबर झाली, आणि नऊ वर्षांच्या दोन लिंबोणी शेंड्यापासून वाळत येऊन मृगापूर्वींच गेल्या. भाजीचा वाफा दोन महिन्यांत पुन्हां उभा राहतो. लिंबोणीस पुन्हां नऊ वर्षें लागतात. त्या वेळीं दोन गुंठे उपटून गुरांपुढें टाकले असते तर तीं झाडें आज उभीं असतीं. तेव्हांपासून आमच्या घरीं असा नियम आहे कीं, कोणता वाफा प्रथम सोडावयाचा व कोणता शेवटीं, हें बीं टाकतांनाच ठरवून ठेवावयाचें.

न्हाणीचें पाणी हा हिशेबाबाहेरचा लाभ होय. जुन्या घरांतून न्हाणीच्या मोरीशीं केळ, अळू व कर्दळ लावण्याची चाल होती ती फार शहाणपणाची आहे. तीं झाडें त्या पाण्यावर वर्षभर जगतात.

हिशेब झाला म्हणजे आळीं दुरुस्त करावीं. पुष्कळांच्या बागेंत आळें झाडाच्या बुंध्याशीं हातभर रुंद असतें व त्यांत पाणी तुंबलेलें असतें. मोठ्या झाडाचीं पाणी ओढणारीं बारीक मुळें बुंध्याशीं नसून फांद्यांच्या घेराखालीं पसरलेलीं असतात. बुंध्याशीं दिलेलें पाणी झाडास थोडें व बुंधा कुजविणाऱ्या बुरशीस जास्त उपयोगीं पडतें. याकरितां दुहेरी आळें करावें: बुंध्याभोंवतीं मातीचा वीतभर उंच वरंबा घालून ती जागा कोरडी ठेवावी, आणि त्याबाहेर फांद्यांच्या घेराएवढें दुसरें आळें करून त्यांत पाणी सोडावें. माती खोदतांना कुदळ खोल घालूं नये. दोन-तीन बोटें खुरपून भेगा मोडल्या तरी पुरे.

मग आच्छादन. निसर्ग याच दिवसांत पाचोळा खालीं टाकतो, आणि आपण तो गोळा करून पेटवून देतों. तो सर्व आळ्यांत तीन-चार बोटें जाड पसरावा. ऊंसाचें पाचट, हरभऱ्याचा वा तुरीचा भुसा, जें हाताशीं असेल तें चालतें. उघड्या मातीवर पडणारें ऊन आच्छादनावर पडलें म्हणजे माती थंड राहते, ओल टिकते व दोन पाण्यांतील अंतर वाढवितां येतें. मात्र पाचोळा बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावा. तो बुंध्यास भिडल्यास त्याच्या आडोशानें वाळवी साल पोखरते व आपणांस पत्ता लागत नाहीं. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या कलमांजवळ सहा-सात लिटरांचें साधें, चकचकीत न केलेलें मडकें गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावें व तोंडावर झांकण घालावें. माती कोरडी पडेल तसें मडकें पाझरतें व ओली असतां थांबतें. बाहेरगांवीं जाणाऱ्या मनुष्यास याच्याइतका विश्वासू गडी मिळावयाचा नाहीं.

आतां आंब्याकडे वळूं, कारण सर्वांत अधिक गैरसमज त्याच्याविषयींच आहेत. आंबा मोहरतो तो थंडी व पाण्याचा ताण या दोहोंच्या योगानें. पावसाळा संपल्यावर ज्या झाडास विश्रांति मिळाली, त्याच्या जून डिरींच्या शेंड्यांवर मोहोर निघतो. ज्यास मार्गशीर्ष-पौषांत भरपूर पाणी व शेणखत मिळालें, त्याच शेंड्यांवर मोहोराऐवजीं तांबडी पालवी येते. परसांतला आंबा भाजीच्या वाफ्याशेजारीं असल्यामुळें हें फार वेळां घडतें, आणि मालक म्हणतो कीं झाड एवढें हिरवेंगार असून फळत कां नाहीं! हिरवेंगार आहे म्हणूनच फळत नाहीं, हें त्यास पटवितां पटवितां पुरेवाट होते. पालवी आलीच असेल तर या वर्षीं उपाय नाहीं. पुढील वर्षीं दिवाळीनंतर त्या बाजूचें पाणी तोडावें व खत मृगाच्या सुमारास द्यावें.

मोहोर आलेल्या झाडासही ताबडतोब पाणी देण्याची घाई करूं नये. फळें वाटाण्याएवढीं झालीं म्हणजे पाणी सुरू करावें. मोठ्या झाडास दर पंधरवड्यास दीडशें ते दोनशें लिटर, असें तीन-चार वेळां दिल्यास गळ कमी होऊन फळ पोसतें. फळें उतरण्याच्या सुमारें एक महिना आधीं पाणी बंद करावें.

मोहोराचे शत्रू मुख्यतः दोन. पहिला तुडतुडा. हा पाचरीच्या आकाराचा, बारीक, तिरकस उड्या मारणारा किडा असून मोहोरांतील रस शोषतो व मागें चिकट गोड द्रव टाकतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढून पानें काजळी धरल्यासारखीं दिसतात. झाडाखालून जातांना अंगावर बारीक शिंतोडे पडल्यासारखें वाटलें कीं तुडतुडे आले असें समजावें. हे किडे दाट, अंधाऱ्या झाडांत व सालीच्या भेगांत दडून राहतात. म्हणून फळें उतरल्यावर मधल्या फांद्या विरळ करून आंत ऊन शिरूं देणें हा त्यांवरील कायमचा उपाय होय. दुसरा शत्रू भुरी. रात्र थंड, दिवस कोरडा, मधूनच आभाळ, अशा हवेंत मोहोरावर पांढरी पिठी चढते व फुलें गळून दांडे तेवढे राहतात. त्यावर पाण्यांत विरघळणारी ८० टक्के गंधकाची भुकटी दहा लिटर पाण्यांत वीस ग्रॅम या प्रमाणानें सकाळीं वा सायंकाळीं फवारावी. भर उन्हांत गंधक फवारल्यास पान करपतें. तुडतुड्यांवर पांच टक्के निंबोळी अर्क चालतो: अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यांत भिजत घालाव्या व सकाळीं गाळून दहा लिटर करावें.

फवारणी केव्हां करावी याविषयीं दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत. एका तुऱ्यांत शेंकडों, कधीं हजारोंहि फुलें असतात. त्यांतील पुष्कळशीं नुसतीं नर असतात व थोडींच फळ धरण्याजोगीं. त्या थोड्या फुलांवर पराग आणून टाकण्याचें काम मुख्यत्वें निरनिराळ्या माश्या करतात, व त्यांना मधमाश्यांचीही मदत होते. मोहोर पूर्ण उमलला असतां जालीम विष फवारलें तर तुडतुड्यांबरोबर हे मजूरही मरतात, आणि मोहोर स्वच्छ राहून फळ मात्र धरत नाहीं. म्हणून फवारावयाचें तें मोहोर बाहेर पडतांना, फुलें उमलण्यापूर्वीं. अथवा मग फळधारणा झाल्यावर. परसांतील एकदोन झाडांवर, जेथें मुलें खेळतात व खालीं गुरें बांधलेलीं असतात, तेथें जालीम औषधांच्या नादीं लागूंच नये, असें आमचें मत आहे. वाटाण्याएवढीं फळें पुष्कळ गळतात त्याची चिंता नको. झाड पोसूं शकेल तेवढींच ठेवतें.

लिंबोणीचें निराळें. बाजारासाठीं बाग करणारा शेतकरी पाणी तोडून झाडास ताण देतो व हवा तो बहार धरतो. परसांतील एकट्या लिंबोणीस असा ताण देणें बहुधा शक्य नसतें, आणि त्याची जरूरहि नाहीं. घरास बारा महिने थोडथोडीं लिंबें मिळालीं तर तेंच बरें. मात्र या महिन्यांत येणारी नवती रोज सकाळीं पाहावी. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी बसलेली आढळेल. ती लिंबावरील फुलपांखराची. मोठी झाल्यावर ती हिरवी होते व एका लहान झाडाचीं सारीं कोवळीं पानें आठवड्यांत फस्त करते. हातानें वेंचून मारणें हाच परसबागेंतील उत्तम उपाय. पानांवर चांदीसारख्या नागमोडी रेषा दिसतात ती नागअळी. वाढलेल्या झाडाचें तिच्यामुळें विशेष बिघडत नाहीं, नवीन लावलेल्या रोपांस मात्र निंबोळी अर्क मारावा. मोसंबी-संत्र्याचें डोळा भरलेलें झाड असल्यास डोळ्याच्या जागेखालून फुटलेला कोंब ताबडतोब काढावा. तो जोमदार दिसतो खरा, पण तो खालच्या जंबेरीचा असतो, आणि दोन वर्षांत वरच्या कलमास खाऊन टाकतो.

वाळलेल्या फांद्या छाटल्यावर जखमांस व बुंध्यास बोर्डोची पेस्ट लावावी. एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना निरनिराळ्या पाण्यांत भिजवून एकत्र करावा व सर्व मिळून दहा लिटर करावें. भांडें लोखंडाचें घेऊं नये. मिश्रणांत लोखंडी सुरी क्षणभर बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस पुट चढलें तर चुना कमी पडला असें समजून आणखी घालावा.

भाजीपाल्यांत सध्यां मेथी, पालक, कोथिंबीर यांचा जोर संपत येतो. ऊन तापूं लागतांच तीं फुलावर येतात. त्यांच्यामागें लागण्यापेक्षां माठ, चवळी, अंबाडी व मायाळू यांस जागा द्यावी. गवारीस पाणी थोडें लागतें, म्हणून दुष्काळी मुलखांत ती भेंडीपेक्षां भरंवशाची. भेंडीचें बीं रात्रभर भिजवून टाकावें. तिच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा जो रोग आहे तो पांढरी माशी पसरविते. रोगट रोप दिसतांच उपटावें आणि परभणी क्रांतीसारखें त्या रोगास दाद न देणारें वाण घ्यावें.

वेलांचें बीं मात्र रात्रीची थंडी ओसरल्यावांचून टाकूं नये. थंड मातींत तें कुजतें. घाई असल्यास ओल्या फडक्यांत बांधून चुलीजवळच्या उबेंत मोड आणावे. हातभर रुंद खड्डा, त्यांत चांगलें कुजलेलें खत, चार बिया, आणि उगवल्यावर दोन रोपें ठेवणें, हा नेहमींचा क्रम सर्वांस ठाऊक आहे. दोन पानांवर असतां लाल भुंगेरे येतात व एका दिवसांत रोप चाळणी करतात. भल्या पहांटे ते सुस्त असतात. तेव्हां हातानें वेंचावे व दंवानें ओल्या पानांवर राख भुरभुरावी.

‘‘वेलास फुलें पुष्कळ, पण फळ धरत नाहीं’’ अशी तक्रार पुढें चैत्रांत हटकून ऐकूं येते. पहिल्या पंधरवड्यांतील फुलें बहुतेक नर असतात, तीं गळणारच. मादी फुलाच्या खालीं इवलेसें फळ आधींपासून दिसतें. तें पिवळें पडून गळूं लागलें तर परागाची वाण आहे असें समजावें, व तें काम आपण करावें. येथें वेळ सांभाळली पाहिजे. तांबडा भोपळा, काकडी व कारलें यांचीं फुलें सकाळीं उमलतात. दुधी, दोडका व पडवळ यांचीं सायंकाळीं, कारण त्यांचे पाहुणे रात्रीं हिंडणारे पतंग होत. सकाळीं दुधीच्या वेलाशीं गेलेला मनुष्य रिकाम्या हातानें परततो. नुकतें उमललेलें नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्या व मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेंच फिरवावा. एका नरानें दोन-तीन मादी फुलें भागतात. धरलेल्या फळावर लगेच कागदी पिशवी बांधल्यास फळमाशीपासून तें वांचतें. किडलेलीं फळें बांधावर न फेंकतां हातभर खोल पुरावीं.

फुलझाडांपैकीं मोगऱ्याकडे आतां पाहिलें नाहीं तर संधि गेली. मोगऱ्याचें फूल नवीन फुटव्यावरच येतें. म्हणून पाणी थोडे दिवस तोडून झुडूप गुडघ्याखालीं छाटावें, राहिलेलीं पानें झाडावीं, खत घालून पाणी सुरू करावें. गुलाबाची मोठी छाटणी पावसाळा सरल्यावरची. सध्यां वाळलेलीं फुलें काढलीं तरी झालें. कढीपत्त्याचे शेंडे खुडावे म्हणजे तो बाजूंनीं भरतो.

आणि शेवटीं बियाणें. वाल, पावटा व घेवडा यांच्या वेलांवर या दिवसांत शेंगा वाळत असतात. घरोघरची रीत अशी कीं चांगल्या शेंगा भाजीस तोडावयाच्या, आणि हंगाम सरल्यावर कोठें राहिल्या-साहिल्या किडक्या, खुज्या शेंगा सांपडतील त्यांचें बीं धरावयाचें. चार-पांच वर्षें असें केलें म्हणजे वाण बिघडलें म्हणून ओरड होते. वास्तविक आपणच दर वर्षीं वाईटाची निवड करीत असतों. बियाण्याचे वेल भर बहरांतच हेरून त्यांस चिंधी बांधावी व त्यांवरील एकही शेंग चुलीकडे जाऊं देऊं नये. या शेंगांच्या जातींत परपरागण फारसें होत नसल्यामुळें त्यांचें वाण घरीं शुद्ध ठेवणें सोपें आहे. भोपळा, काकडी, मुळा यांचें तसें नाहीं. शेजारच्या वाणाचा पराग माशी आणून टाकते, म्हणून भोपळा-काकडींतील बियाण्याचें मादी फूल उमलण्यापूर्वीं बांधून ठेवून हातानें परागण करावें. बाजारच्या संकरित बियाण्याच्या फळांतील बीं धरून मात्र उपयोग नाहीं. पुढची पिढी एकसारखी येत नाहीं.

अकोले तालुक्यांतील कोंभाळणें येथील राहीबाई पोपेरे यांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली ती अशाच घरगुती वाणांच्या जतनाबद्दल. शाळेचा गंध नसतां त्यांनीं वाल, भाजीपाला व भात यांचीं गांवठी वाणें जमविलीं व शेतकऱ्यांस वांटलीं. त्यांची सुरुवात परसांतूनच झाली, हें आमच्या वाचकांतील गृहिणींस मुद्दाम कळवावेंसें वाटतें.

बीं सावलींत, वाऱ्यावर वाळवावें. दातांत धरलें असतां दबतें तोंवर तें ओलें; कटकन् फुटलें म्हणजे ठेवण्यास योग्य झालें. मग चाळलेल्या राखेंत मिसळून, मधून निंबाचा वाळलेला पाला घालून, झांकणाच्या कोरड्या मडक्यांत वा बरणींत चुलीपासून दूर ठेवावें. दोडका व दुधी यांचें बियाण्याचें फळ वेलावरच राहूं द्यावें. हलविलें असतां आंत बिया खुळखुळूं लागल्या म्हणजे काढून तसेंच आढ्यास टांगावें. बरणीवर वाणाचें नांव, महिना व वर्ष लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी, आणि तशीच दुसरी एक आंत टाकावी, कारण बाहेरची चिठ्ठी वाळवी खाते.